‘तुम्ही का जेवलात?’

पत्राचा सारांश : सांगली जिल्ह्यातल्या एका निवृत्त प्राथमिक शिक्षिका लिहितात : वय ६०. मुलगी स्पेनमध्ये व्हॅलेन्सियाला असते, गेल्या वर्षी तिथल्याच मुलाशी तिचं लग्न झालं. दर रविवारी रात्री आठला व्हिडिओ कॉल असतो. विहीणबाई प्रेमळ आहेत, पण त्यांना स्पॅनिशशिवाय दुसरी भाषा येत नाही. मी मुलीकडून सगळे प्रश्नार्थक शब्द मागवून घेतले, त्यांचा तक्ता फ्रिजवर लावला आणि रोज पाठ केले. एका रविवारी धीर करून विहीणबाईंना ‘जेवलात का?’ असं स्पॅनिशमध्ये विचारलं. त्या गप्प झाल्या, मग कसनुसं हसल्या. मुलीने नंतर सांगितलं, ‘आई, तू त्यांना विचारलंस, तुम्ही का जेवलात?’ तेव्हापासून माझं तोंडच उघडत नाही. येत्या मे महिन्यात आम्ही दोघं तिकडे जाणार आहोत. ऑनलाइन क्लास पाहिले, पण सगळे इंग्रजीतून शिकवणारे. माझं इंग्रजी बेताचं. आधी इंग्रजी सुधारू, मग स्पॅनिशकडे वळू? की या वयात नाद सोडून द्यावा आणि मुलीला दुभाषी करावं? शिवाय व्याह्यांच्या घरी प्रश्न विचारत सुटणं बरं दिसतं का, हीसुद्धा शंका आहे.

ताई,

तुमचं पत्र वाचताना मी मोठ्याने हसले, हे आधी कबूल करते. त्या हसण्यात तुमची टिंगल नव्हती. तुमची चूक इतकी शुद्ध मराठी आहे की स्पॅनिश शिकणाऱ्या इंग्रज किंवा जर्मन माणसाच्या हातून ती होणंच शक्य नाही. ती करायला डोक्यात मराठी व्याकरण पक्कं मुरलेलं लागतं.

झालं काय ते बघू. तक्त्यावर लिहिलं होतं : का = पोर के. यात खोटं काही नाही. पण आपल्या भाषेत ‘का’ दोन नोकऱ्या करतो. क्रियापदाच्या आधी आला की कारण विचारतो : तुम्ही का जेवलात? वाक्याच्या शेवटी जाऊन बसला की फक्त हो की नाही एवढंच विचारतो : तुम्ही जेवलात का? शब्द तोच, जागा बदलली की काम बदललं. स्पॅनिशमधला ‘पोर के’ यातली पहिलीच नोकरी करतो. दुसऱ्या नोकरीसाठी त्या भाषेत शब्दच नाही. साधं विधान घ्यायचं आणि शेवटाकडे आवाज चढवायचा, की झाला प्रश्न. ‘आस कोमिदो’ म्हणजे ‘तू जेवलीस’. तेच आवाज चढवून ‘आस कोमिदो?’ म्हटलं की ‘जेवलीस का?’ तुम्ही त्याच्याआधी ‘पोर के’ लावलंत आणि बिचाऱ्या विहीणबाई जेवल्याबद्दल खुलासा देण्याच्या तयारीला लागल्या.

स्पॅनिश मजकुरात प्रश्नाच्या सुरुवातीला उलटं प्रश्नचिन्ह (¿) असतं, त्याचं मूळही इथेच आहे. हो-नाहीच्या प्रश्नात शब्द बदलत नाहीत, क्रमही बऱ्याचदा तोच राहतो. मग लांबलचक वाक्य मोठ्याने वाचणाऱ्याला कळायचं कसं, की आवाज कुठून चढवायचा? म्हणून स्पॅनिश भाषेच्या राजअकादमीने १७५४च्या शुद्धलेखनाच्या पुस्तकात सुरुवातीलाच उलटं चिन्ह द्यायचा नियम घातला. आपण ‘का’ शेवटी ठेवतो, ते चिन्ह आधी ठेवतात. दोघांची गरज एकच.

तेव्हा तुमच्यापुरता नियम असा : शेवटचा ‘का’ पुसून टाका आणि आवाज चढवा. ‘येताय का’, ‘बरं वाटतंय का’, ‘पाऊस आहे का’, या सगळ्यांत ‘पोर के’ला प्रवेश नाही. एक सावधगिरी मात्र हवी. कोणी काही सांगितल्यावर आपण ‘असं का?’ म्हणतो, तेव्हा बहुतेकदा कारण विचारायचं नसतं, नुसती दाद द्यायची असते. तिथे ‘आ, सी?’ म्हणायचं. ‘पोर के?’ म्हटलंत, तर समोरचा माणूस कारणं सांगत बसेल.

आता तुमच्या पत्रातल्या एका वाक्याशी मला थोडं भांडायचं आहे. ‘माझं इंग्रजी बेताचं, म्हणून आधी इंग्रजी सुधारू?’ स्पॅनिशचं दार इंग्रजीतून उघडतं, हे तुम्ही कशावरून ठरवलंत? लिपी तीच आहे म्हणून? बहुतेक पुस्तकं आणि क्लास इंग्रजीतून आहेत म्हणून? ती बाजाराची सोय झाली. प्रश्न विचारण्यापुरतं म्हणाल तर मराठी माणसाला स्पॅनिश इंग्रजीपेक्षा जवळची पडते. हे मी तुमचा धीर वाढवायला म्हणत नाही, दाखवूनच देते.

तुमचा फ्रिजवरचा तक्ता एकदा नुसता कानाने ऐका. के म्हणजे काय. क्येन म्हणजे कोण. क्वाल म्हणजे कोणता. कोमो म्हणजे कसा. क्वान्दो म्हणजे कधी. क्वान्तो म्हणजे किती. डावीकडे क, उजवीकडेही क. हा योगायोग नाही. संस्कृतातला ‘कः, किम्’ आणि लॅटिनमधला ‘क्विस, क्विद’ हे एकाच प्राचीन मुळापासून फुटलेले फाटे आहेत. पहिल्याची वंशज मराठी, दुसऱ्याची स्पॅनिश. तक्त्यात ‘क’ नसलेला एकटा ‘दोन्दे’, म्हणजे कुठे. तो लॅटिन ‘उन्दे’, म्हणजे ‘कुठून’, या शब्दाला पुढे ‘दे’ जोडून झालाय आणि ‘दे’चाही अर्थ ‘-हून’च. आता ‘कुठून’ विचारायचं तर लोक ‘दे दोन्दे’ म्हणतात, म्हणजे मुळात ‘हून-हून-कुठून’. भाषा अशीच असते, शिस्तीची अपेक्षा करू नये.

उच्चारातही तुम्ही पुढे आहात. स्पॅनिश त आणि द आपल्यासारखेच दातांना जीभ लावून म्हणतात, आणि क, प, त यांत हवेचा फुत्कार नसतो. ‘क्वान्तो’तला त म्हणायला इंग्रजी माणसाला तालीम करावी लागते. तुम्ही आयुष्यभर तोच म्हणत आलात. फक्त पुस्तकात स्पेलिंग दिसलं की इंग्रजी वाचनाची सवय मध्ये येऊ देऊ नका. इंग्रजीतलं क्यू अक्षर दिसलं की आपण ‘क्व’ म्हणायला धावतो. स्पॅनिशमध्ये त्याचा नुसता क होतो. ‘के’ला ‘क्वे’ आणि ‘क्येन’ला ‘क्वीन’ करू नका, म्हणजे ‘कोण’च्या जागी राणी यायची नाही.

पुढे जाऊ. तुम्ही ‘कोणाला’, ‘कोणाचं’, ‘कोणाबरोबर’ म्हणता. ‘कोण’ला प्रत्यय किंवा शब्द जोडलेला आणि दोघं कायम एकत्र. स्पॅनिशमध्येही ते एकत्रच राहतात, फक्त जोडायचा शब्द आधी येतो : आ क्येन, दे क्येन, कोन क्येन. इंग्रजीत हा ‘बरोबर’ तुटून वाक्याच्या टोकाला जाऊन पडतो, आणि इंग्रजीतून शिकणारे स्पॅनिशमध्येही तो टोकालाच ठेवतात. ती चूक तुमच्याकडून व्हायची नाही. मात्र ‘कोन’ या शब्दाने फसू नका. ऐकायला तो आपल्या ‘कोण’सारखा, अर्थ मात्र ‘बरोबर’. ‘कोन क्येन’ ऐकलं की मराठी कानाला ‘कोण कोण’ वाटतं, विचारलेलं असतं ‘कोणाबरोबर?’

‘कोण कोण’वरून आठवलं. आपण शब्द दोनदा म्हणून अनेकवचन साधतो : आज कोण कोण आलंय? स्पॅनिशमध्ये त्यासाठी ‘क्येन’चं अनेकवचन आहे, ‘क्येनेस’. मनात ‘कोण कोण’ आलं की तोंडातून ‘क्येनेस’ येऊ द्या.

आणि ‘ला’! ‘मी किल्ल्या शोधते’, पण ‘मी मुलीला शोधते’. वस्तूला ‘ला’ लागत नाही, माणसाला लागतो. हा भेद तुम्ही कधी कुणाला शिकवला नसेल, कारण मराठी मुलाला तो शिकवावाच लागत नाही. स्पॅनिशमध्ये अगदी तोच भेद आहे : ‘बुस्को लास याबेस’ म्हणजे किल्ल्या शोधते, ‘बुस्को आ मि इखा’ म्हणजे माझ्या मुलीला शोधते. (आपली चावी पोर्तुगीजांकडून आली, ही ‘याबे’ तिची मावसबहीण.) म्हणून कोणाला शोधताय असं विचारताना ‘आ क्येन बुस्कास?’ त्या सुरुवातीच्या ‘आ’साठी इंग्रजी पुस्तकं पानंच्या पानं खर्च करतात. तुम्हाला एक ओळ पुरे : ‘कोणाला’मधला ‘ला’.

‘तुला काय आवडतं?’ हेही तसंच. ‘के ते गुस्ता?’ शब्दाला शब्द लावून पाहा : काय, तुला, आवडतं. ‘काय दुखतंय तुला?’ म्हणजे ‘के ते द्वेले?’ आवडणारी आणि दुखणारी वस्तू कर्ता, माणूस ‘ला’ लावून बाजूला. आपला संसार असाच चालतो.

आता तुमच्या शिक्षकी पेशाला शोभेल अशी गोष्ट सांगते. ही मला कुठल्या पुस्तकात मिळाली नाही, वहीत वाक्यं लिहिता लिहिता सापडली. स्पॅनिशमध्ये प्रश्नाच्या शब्दांवर एक छोटी तिरपी रेघ असते, तिला टिल्दे म्हणतात. तोच शब्द कधी रेघेसकट येतो, कधी रेघेविना, आणि नवशिक्यांचा जीव मेटाकुटीला येतो. मराठीत मात्र हे काम दोन वेगळ्या अक्षरांनी होतं : क आणि ज. कुठे–जिथे, केव्हा–जेव्हा, कसा–जसा, किती–जितका, कोण–जो. मराठीत ‘क’ असेल तिथे रेघ द्यायची, ‘ज’ असेल तिथे द्यायची नाही. ‘तो कुठे राहतो?’ मधल्या ‘दोन्दे’वर रेघ. ‘मी जिथे राहते ते घर’ मधला ‘दोन्दे’ बिनरेघेचा. ‘तो कुठे राहतो ते मला माहीत नाही’, याच्या शेवटी प्रश्नचिन्ह नाही, मग रेघ द्यायची की नाही? मराठीत ‘कुठे’ आहे ना? मग द्यायची. ‘काय सुंदर!’, ‘किती माणसं ही!’ अशा उद्गारांतही आपण ‘क’ वापरतो आणि तिकडेही रेघ असते. ‘के बोनीतो!’ म्हणजे शब्दशः ‘काय सुंदर!’

दोन ठिकाणी हा नियम डगमगतो, तेही सांगायला हवं. आपला ‘की’ (‘मला वाटतं की’) आणि ‘कारण’ दोन्ही ‘क’ने सुरू होतात, पण विचारत काहीच नाहीत, म्हणून तिथे रेघ नाही. ‘कारण’ म्हणजे ‘पोर्के’, एकच शब्द, त्यातला ‘के’ हलका. ‘का’ म्हणजे ‘पोर के’, दोन शब्द, जोर ‘के’वर. प्रश्न आणि उत्तर यांत एका श्वासाचं अंतर. आणि व्हॉट्सॲपवर विहीणबाई स्वतःच रेघा आणि उलटी प्रश्नचिन्हं गाळत असतील तर दचकू नका. घाईत तिकडेही लोक तसंच लिहितात, जसे आपण ऱ्हस्व-दीर्घ सोडून देतो.

मराठी सगळीकडे कामी येते असं मात्र नाही. जिथे ती दगा देते त्या जागा आधीच ओळखून ठेवा.

‘किती’ हा आपल्याकडे ब्रह्मचारी. किती तांदूळ, किती मीठ, किती माणसं, तो हलत नाही. स्पॅनिशमध्ये तो पुढच्या नामाप्रमाणे चार रूपं घेतो : तांदळासाठी ‘क्वान्तो’, मिठासाठी ‘क्वान्ता’, नातवंडांसाठी ‘क्वान्तोस’, माणसं विचारताना ‘क्वान्तास पेर्सोनास’. गंमत अशी की कसा-कशी-कसं ही आपली वटवट तिकडे नाही, तिथे सरसकट ‘कोमो’. एका हाताने दिलं, दुसऱ्याने काढून घेतलं. चुकलं तरी अर्थ कळतो, म्हणून यापायी बोलणं अडवू नका. तक्त्यात चारही रूपं असतील तर वरचं एक ठेवून बाकीची झाकली तरी चालेल.

‘किती वाजले?’मध्ये आपण ‘किती’ म्हणतो, ते ‘काय’ म्हणतात : ‘के ओरा एस?’ ‘किती वाजता?’ म्हणजे ‘आ के ओरा?’ वय विचारताना मात्र ‘किती’च, ‘क्वान्तोस आन्योस?’, आणि त्यातला ‘न्य’ कृपा करून नीट म्हणा. तो नुसता ‘न’ झाला, तर वर्षांऐवजी शरीराच्या अशा भागाची संख्या विचारली जाते की विहीणबाई पुन्हा गप्प होतील, आणि या वेळी मुलगीही अर्थ सांगणार नाही.

‘काय’ आणि ‘कोणता’ यांचा गोंधळ सगळ्यांनाच होतो. इथे तुमचा वर्ग आठवा. ‘राजधानी म्हणजे काय?’ हा एक प्रश्न आणि ‘भारताची राजधानी कोणती?’ हा दुसरा. पहिल्याचं उत्तर व्याख्या, दुसऱ्याचं नवी दिल्ली. ‘म्हणजे काय’ असेल तिथे ‘के एस’, ‘कोणता-कोणती-कोणतं’ असेल तिथे ‘क्वाल एस’. इंग्रजीत दोन्हीकडे एकच शब्द असल्यामुळे तिथून येणारे इथे हमखास घसरतात. मराठीतही बोलताना आपण ‘फोन नंबर काय?’ म्हणून जातो. शंका आली की ‘कोणता’ घालून बघा. वाक्य टिकलं, तर ‘क्वाल’. पण ‘कोणतं पुस्तक?’ असं नाम लगेच मागे असेल, तर स्पेनमध्ये ‘के लीब्रो?’ म्हणतात. लॅटिन अमेरिकेतल्या बऱ्याच भागांत अशा ठिकाणी ‘क्वाल’ही ऐकू येतं, म्हणून यूट्यूबवर कोणी मेक्सिकन बाई वेगळं बोलल्या, तर तुमच्या वहीत चूक शोधू नका. आणि ‘तुमचं नाव काय?’ यात सहसा काय-कोणता काहीच वापरत नाहीत. ते विचारतात ‘कोमो ते यामास?’, स्वतःला कसं म्हणवतेस? हे वाक्य सुटं न करता गिळून टाकायचं.

ऐकू आलं नाही तर आपण ‘काय?’ म्हणतो. नुसतं ‘के?’ तिकडे जरा तुटक वाटतं. ‘कोमो?’ म्हणा, आपल्या ‘काय म्हणालात?’सारखं ते सौम्य आहे.

आता तुमच्या तीन पर्यायांकडे.

मुलीला दुभाषी करणं सोपं आहे आणि मे महिन्यात ते करावंही लागेल. औषधाच्या दुकानात किंवा कागदपत्रांच्या ठिकाणी तुमचं स्पॅनिश आजमावू नका. पण रविवारच्या गप्पांत कायम तीच मध्ये बसली, तर दोन आयांमधली प्रत्येक गोष्ट तिच्या चाळणीतून जाणार. मुली चाळणी बारीक लावतात. तिने तुम्हाला ‘का जेवलात’ची गंमत सांगितली, पण विहीणबाई त्यावर नंतर काय म्हणाल्या ते सांगितलं का? विचारून बघा. माझा अंदाज आहे की तो किस्सा तुमच्यापेक्षा त्यांना जास्त आवडला असेल. मोबाइलवरचं भाषांतर आणीबाणीसाठी असू द्या, त्यात माणूस समोरच्याकडे न बघता हातातल्या काचेकडे बघत राहतो.

क्लास लावावासा वाटला तर खुशाल लावा, त्यासाठी इंग्रजी सुधारायची गरज नाही. फक्त वहीत दोनच रकाने ठेवा, स्पॅनिश आणि मराठी. क्लासमध्ये इंग्रजीतून काही सांगितलं, की घरी येऊन ‘हे आपण कसं म्हणतो?’ असं स्वतःला विचारायचं आणि तेच लिहायचं. हे वेळखाऊ आहे. पण पहिल्या महिन्यात जो वेळ जाईल तो तिसऱ्या महिन्यात भरून निघतो, हा माझा स्वतःचा अनुभव.

तिसरा रस्ता क्लासबरोबरही चालतो आणि क्लासविनाही. फ्रिजवरचा तक्ता काढा. सुटे शब्द पाठ असले, की माणूस ऐन वेळी ते मराठी वाक्यात चिकटवायला जातो, आणि मग ‘पोर के’ होतं. त्याऐवजी दर आठवड्याला तीन प्रश्न घ्या, अख्खे. ते निवडताना उत्तराचा विचार आधी करा. तुम्ही मानता तसं प्रश्न विचारणं अवघड नाही, अवघड आहे पुढचं उत्तर झेलणं. ‘पोर के’ आणि ‘कोमो’ विचारलंत, तर पाच मिनिटांचं उत्तर येईल आणि तुमच्या हाती काही लागणार नाही. ‘क्येन, दोन्दे, क्वान्दो, क्वान्तो’ यांची उत्तरं एका शब्दाची असतात : नाव, जागा, वार, आकडा. समोरून कितीही शब्द आले, तरी तुम्हाला त्यातला एकच पकडायचा असतो. म्हणून पहिला महिना या चौघांपुरता. सोबत वारांची नावं, वीसपर्यंतचे आकडे आणि नात्यांची नावं. ‘का’ आणि ‘कसं’ नंतर.

पहिल्या रविवारसाठी माझ्याकडून तीन. ‘क्येनेस एस्तान ओय?’, आज घरी कोण कोण आहे? ‘क्वान्तोस न्येतोस त्येनेस?’, तुला किती नातवंडं? आणि ‘क्वान्दो ब्येनेस आ ला इन्द्या?’, भारतात कधी येतेस? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर काहीही आलं तरी त्यात आमंत्रण पोचलेलंच असतं. शिवाय दोन दोऱ्या हाताशी ठेवा : ‘मास देस्पास्यो, पोर फाबोर’, म्हणजे जरा हळू, आणि ‘कोमो से दीसे?’, याला काय म्हणतात? हे विचारताना वस्तू कॅमेऱ्यासमोर धरायची. लाटणं धरा, कढीपत्ता धरा. व्हॅलेन्सियाच्या विहीणबाई ‘दीसे’ला ‘दीथे’सारखं म्हणतील, तेव्हा त्यांच्या जिभेकडे बघून शिका.

मी वर ‘तुला’, ‘येतेस’ लिहिलंय ते मुद्दाम. अहो-जाहोसाठी स्पॅनिशमध्ये ‘उस्तेद’ आहे, आणि पहिल्यांदा तुम्ही तेच वापरलंत तर उत्तम. पण स्पेनमध्ये घरच्या माणसांत लवकरच ‘तू’वर येतात. त्या ‘तुतेआमे’ म्हणाल्या, तर अर्थ ‘मला तू म्हण’. अपमान समजू नका आणि संकोचूही नका. प्रश्नाचा शब्द दोन्हीकडे तोच राहतो, बदलतं ते क्रियापद.

उरला प्रश्न बरं दिसण्याचा. पगार, घराची किंमत, ‘गोड बातमी कधी’ हे प्रश्न तिकडे काढू नका. खरं तर इकडेही काढू नयेत. बाकी विचारायला हरकत नाही. आपल्याकडे घराबाहेर पडणाऱ्याला ‘कुठे’ विचारलेलं चालत नाही, तिकडे ‘आदोन्दे बास?’ विचारल्याने कुणाचं काम अडत नाही. तुमच्या जेवणाच्या प्रश्नाची वेळसुद्धा अचूक होती. आपले रात्रीचे आठ म्हणजे हिवाळ्यात तिथले दुपारचे साडेतीन, उन्हाळ्यात साडेचार. स्पेनमधलं दुपारचं मोठं जेवण दोन-तीनच्या सुमारास असतं, आणि ‘कोमेर’ म्हणजे जेवणं हे क्रियापद तिथे खास त्याच जेवणासाठी वापरतात. येत्या रविवारी तेच पुन्हा विचारा, ‘पोर के’ वगळून. त्या हसतील आणि तुम्हीही हसा. मग पुढे विचारा, ‘के आस कोमिदो?’, काय जेवलीस? पाएल्या (तिथला भाताचा पदार्थ) म्हणाल्या, तर ‘के येबा?’, त्यात काय काय घालतात? व्हॅलेन्सियाची अस्सल पाएल्या कोंबडी, ससा आणि शेंगांची असते, तेव्हा तुम्ही शाकाहारी असाल तर हा प्रश्न मे महिन्याच्या आत पक्का झालेला बरा.

एक शब्द मी राखून ठेवला होता. विहिणीला इंग्रजीत शब्द नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. मुलीच्या नवऱ्याची आई, असं लांबण लावावं लागतं. स्पॅनिशमध्ये आहे : कोन्स्वेग्रा. व्याही म्हणजे कोन्स्वेग्रो. ‘स्वेग्रा’ म्हणजे सासू आणि ‘कोन’ म्हणजे बरोबर, तो मघाचाच फसवा ‘कोन’. त्यांना एकदा त्या नावाने हाक मारून बघा.

मे महिन्यात गेलात की त्यांच्याबरोबर शहराच्या मध्यवर्ती बाजारात जा, मेर्कादो सेंत्राल. १९२८ सालची इमारत आहे, वर मोठा घुमट आणि खाली भाजी, फळं, मासे. सकाळीच जा, आणि रविवारी नको, तेव्हा तो बंद असतो. तिथे भाव विचारायचा तर पुस्तकात ‘क्वान्तो क्वेस्ता?’ दिलेलं असेल, ते बरोबरच आहे. पण तुम्ही सांगलीच्या मंडईत मेथीची जुडी उचलून काय विचारता? ‘कशी दिली?’ असंच ना? स्पॅनिश बायकाही भावासाठी ‘कसा’च वापरतात. टोमॅटोवर हात ठेवा आणि म्हणा, ‘आ कोमो एस्तान लोस तोमातेस?’ आकडा ऐकून भुवया वर करायच्या की नाही, ते मात्र कोन्स्वेग्राच्या चेहऱ्याकडे बघून ठरवा.